बेणं, साक्षी आणि दुसरी तार

कन्नड तालुक्यातल्या पिशोर पट्ट्यात अद्रक लावणारा शेतकरी बेण्याचा हिशेब विक्रीच्या हिशेबात मिसळत नाही. एकरी आठ-दहा क्विंटल बेणं लागतं आणि ते कोणत्या वावरातून ठेवायचं हे काढणीच्या आधीच ठरलेलं असतं. कारण कंदकूज बेण्याबरोबर चालत येते. ज्या प्लॉटमध्ये पानं शेंड्याकडून पिवळी पडली, खोड ओढताच बुंध्यातून अलगद हातात आलं, तिथला माल धुऊन बाजारात जाईल, पण बेण्याला ठेवला जाणार नाही. ठेवलेलं बेणं सावलीत झाकून, विक्रीच्या ढिगापासून लांब असतं. यामागे दोन कारणं आहेत आणि ती एकमेकांपासून वेगळी आहेत. एक, विक्रीच्या ढिगात कूज शिरली तर ती बेण्यात येऊ नये. दुसरं कारण सहसा कुणी बोलून दाखवत नाही. ढीग एकच असेल तर भाव चढल्यावर बेण्यालाही हात जातो. आजची गरज उद्याच्या पेरणीला खाते, आणि तेही कुणाच्या वाईट हेतूशिवाय. संगणकाच्या खोलीत काम करणारी माणसं हाच नियम वेगळ्या शब्दांत सांगतात: सर्व्हरच्या बॅकअपची वाहतूक रोजच्या वापराच्या नेटवर्कवरून नेऊ नका, तिला स्वतंत्र तार, स्वतंत्र कार्ड आणि स्वतंत्र स्विच द्या. दिसायला ही मिस्तरीकामातली सूचना आहे. पण तिच्या पोटात आपल्याकडच्या विचारवंतांनी दोन-अडीच हजार वर्षं घोळवलेला एक प्रश्न आहे: जो पाहतो, जपतो, साक्ष ठेवतो, त्याने करणाऱ्याच्या वाटेनेच चालावं की त्याची वाट मुळातच निराळी हवी? माझ्या मते वाट निराळी हवी. शुचितेसाठी किंवा सोवळ्यासाठी मी हे म्हणत नाही. वेगळ्या वाटेने आलेली साक्ष तेवढीच साक्ष असते आणि त्याच वाटेने आलेली गोष्ट नुसता प्रतिध्वनी असते, म्हणून म्हणतो.

आधी तारेचा व्यवहार नीट पाहू. खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठी सातबारा लागतो. सेवा केंद्राच्या काउंटरवर गट नंबर टाकला जातो, पंधरा रुपयांचा डिजिटल सहीचा उतारा मागितला जातो आणि पडद्यावरचं चाक फिरत राहतं. ‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द आता गावोगाव मराठीच झाले आहेत. असं चाक फिरण्याची कारणं अनेक असतात, पण कोणत्याही कचेरीत किंवा पतसंस्थेत त्यातलं एक नेहमीचं कारण हे की ज्या तारेवरून माणसांच्या मागण्या येतात त्याच तारेवरून साठवणुकीची प्रतही चाललेली असते. एक गिगाबिटची तार सेकंदाला फार तर सव्वाशे मेगाबाइट वाहते. एक टेराबाइटची प्रत काढायची तर तार पूर्ण रिकामी असूनही सव्वादोन तास लागतात. तीच तार शंभर मेगाबिटची असेल तर बावीस तास, म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस. ‘रात्री काढू’ हे उत्तर काही वर्षं पुरतं. मग माहिती वाढते, रात्र तेवढीच राहते आणि प्रत सकाळी अकरापर्यंत चालू राहते. तेव्हा काउंटरवरचा माणूस तक्रार करतो, कुणीतरी वैतागून प्रत बंद पाडतो आणि ‘पुढच्या रविवारी पाहू’ म्हणतो. हे अगदी भाव चढल्यावर बेण्याला हात जाण्यासारखं आहे. आज रांगेत उभा असलेला माणूस दिसतो, दहा वर्षांनी वारसाची नोंद शोधत येणारा माणूस दिसत नाही. एका वाटेवर दोघांना चालवलं की दिसणारा न दिसणाऱ्याला ढकलून पुढे जातो. हा न्यायाचा प्रश्न आहे आणि तो माणसाच्या सद्भावनेवर सोडून सुटत नाही, कारण ढकलणाऱ्याचीही अडचण खरी असते. वेगळी तार टाकली की या दोघांच्यात भांडणच उरत नाही.

गर्दी ही तरी सौम्य अडचण म्हणायची. खरी अडचण संसर्गाची. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि एवढ्या मोठ्या सरकारी रुग्णालयात केसपेपर पुन्हा हाताने लिहायची वेळ आली. सरकारने नंतर संसदेत जी उत्तरं दिली त्यांत दोन गोष्टी होत्या. नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते म्हणून हल्ला साधला, आणि एका बॅकअप सर्व्हरपर्यंत तो पोचला नाही म्हणून माहिती परत मिळाली. रोग आणि औषध दोन्ही सरकारच्याच उत्तरांत आलं. त्याआधी, जून २०१७ मध्ये, उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातला एक टर्मिनल असाच ठप्प झाला होता. तो चालवणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली. त्या समूहाच्या जगभरच्या संगणकांवर एकाच वेळी घाला आला. कोणत्या माणसाला कोणत्या संगणकावर काय करण्याचा अधिकार आहे याची नोंद ठेवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते आणि ते एकमेकांच्या प्रती सतत ताज्या ठेवत होते. हेच त्यांचं संरक्षण मानलं गेलं होतं. पण सगळे एकाच जाळ्यावर असल्याने सगळे एकदम पुसले गेले. फक्त घाना देशातल्या कचेरीतला एक वाचला, कारण त्या वेळी तिथे वीज गेलेली होती. लोडशेडिंगने कुणाचं भलं केल्याचं आपल्या भागात ऐकिवात नाही, तेव्हा हा दाखला जपून ठेवण्यासारखा आहे. दीडशे प्रती असून साक्षीदार मात्र एकच निघाला, आणि तोही अपघाताने वेगळा पडला म्हणून.

प्रतींची संख्या आणि साक्षीदारांची संख्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा या घटनेतला कळीचा मुद्दा. उपनिषदांत एका झाडावरच्या दोन पक्ष्यांचं रूपक आहे. मुंडकात आहे, श्वेताश्वतरात आहे, आणि मुळात ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं आहे. दोघे जोडीदार आहेत, झाड एकच आहे. एक फळ खातो, दुसरा न खाता पाहतो. या रूपकाचे अर्थ संप्रदायागणिक बदलतात. कुणी जीव आणि ईश्वर म्हणतं, कुणी भोगणारं मन आणि त्याला पाहणारं चैतन्य. पण एक गोष्ट कुठल्याच अर्थाने बदलत नाही: पाहणारा पक्षी खात नाही, म्हणूनच त्याला ‘पाहणारा’ म्हणता येतं. त्यानेही चोच मारली असती तर झाडावर खाणारे दोन पक्षी असते आणि फळ कडू होतं की गोड हे सांगणारा कुणी उरला नसता, कारण दोघांच्याही जिभेवर एकच चव बसली असती. सांख्यांनी हेच पुरुष आणि प्रकृती या भाषेत मांडलं. करणं सगळं प्रकृतीकडे, पुरुषाकडे फक्त पाहणं. आपल्याकडे साक्षीच्या अलिप्ततेचं वर्णन बहुतेक वेळा वैराग्याच्या सुरात होतं, जणू साक्षीला जगाचा कंटाळा आला आहे. मला ते वाचन अपुरं वाटतं. अलिप्तता ही साक्षीच्या कामाची पात्रता आहे. पंच म्हणून नेमलेला माणूस सामन्यात खेळत नाही, त्याला खेळ आवडत नाही म्हणून थोडाच?

याचा पुरावा ग्रंथांच्या इतिहासात फार चांगला सापडतो, आणि तोही पुण्यात. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली. हजाराहून जास्त हस्तलिखितं तपासली गेली. संपादक विष्णु सीताराम सुकथनकरांपुढे प्रश्न असा होता की कोणता श्लोक मूळचा आणि कोणता मागाहून घुसलेला हे ठरवायचं कशावरून? बहुमतावरून ठरवणं सोपं होतं. उत्तर भारतात देवनागरी पोथ्या ढिगांनी होत्या. पण त्या सगळ्या एकमेकींतून उतरवलेल्या, एकमेकींशी ताडून ‘सुधारलेल्या’ होत्या. शंभर पोथ्यांत तोच श्लोक सापडला तरी साक्ष एकाचीच. सुकथनकरांनी वजन दिलं ते निराळ्याच जुळणीला. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि पार केरळातली मल्याळम पोथी जिथे एकमत होतात तो पाठ जुना धरावा, कारण त्या दोघींमध्ये शतकानुशतकं फारशी ये-जा नव्हती. ये-जा नसणं हाच त्यांच्या शब्दाचा आधार होता. याच्या उलट टोकाला नीलकंठ चतुर्धर दिसतात. मूळचे आपल्या गोदाकाठच्या कोपरगावचे, सतराव्या शतकात काशीत बसून महाभारतावर टीका लिहिणारे. त्यांनी प्रांतोप्रांतीच्या पोथ्या गोळा केल्या आणि जिथे जे चांगलं वाटलं ते घेऊन एक भरगच्च पाठ तयार केला. वाचकाला तो आवडला, देशभर चालला, पुढे छापलाही गेला. नीलकंठांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना चालणारं महाभारत द्यायचं होतं आणि ते त्यांनी दिलं. फक्त त्या पाठावरून मागे जाऊन मूळ शोधता येत नाही, कारण सगळे ओहोळ त्यात एक झालेले आहेत.

आणि पुण्यापर्यंत तरी कशाला जायचं? पिशोर आणि पैठण एकाच जिल्ह्यातले, एक उत्तरेच्या डोंगराकडे, दुसरं दक्षिणेला गोदावरीवर. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. पैठणला एकनाथांनी तिचं शुद्धीकरण केलं ते शके १५०६ मध्ये, १५८४ साली. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत ग्रंथाकडे दुर्लक्ष झालं म्हणून तो बिघडला असं झालं नव्हतं. उलट तो फार वापरात होता. लोक तो म्हणत होते, पाठ करत होते, सांगत होते, सांगताना अडलेला शब्द सोपा करून घेत होते, आणि उत्साहाच्या भरात एखादी ओवी स्वतःची घालत होते. प्रेमामुळेच पाठ ढळला. नाथांनी प्रती मिळवून त्या ताडून पाहिल्या, आणि पुढे कुणी आपली ओवी यात घालू नये अशी सज्जड ताकीद शेवटी लिहून ठेवली. हे करणारा माणूस कोण होता ते लक्षात घ्यायला हवं. भारुडं रचणारा, लोकांच्या तोंडी रुळेल असं लिहिण्यात ज्याचा हात कुणी धरणार नाही असा कवी. नाथांना लोकव्यवहाराची अॅलर्जी नव्हती. भारुडाची वाट आणि संहितेची वाट यांची गल्लत होऊ द्यायची नाही, एवढं त्यांना कळत होतं. एकाच माणसाने दोन्ही वाटा सांभाळल्या म्हणून त्या एक झाल्या नाहीत.

आता सगळ्यात जड आक्षेप. तो मीच मांडतो, कारण तो टाळून हा लेख प्रामाणिकपणे पुढे जाऊ शकत नाही. वेगळ्या वाटेचं सगळ्यात पक्कं उदाहरण या देशात कोणतं? वेदपठण. कर्मात मंत्र सरळ संहितापाठाने म्हटला जातो. पण जपणुकीसाठी पद, क्रम, जटा, घन अशा निराळ्या पद्धती बांधल्या गेल्या. घनपाठात शब्द असे फिरतात: एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन, मग दोनवरून तीच फिरकी पुन्हा सुरू. उलट क्रमाने म्हटलेल्या शब्दांना अर्थ नसतो, त्यामुळे अर्थाच्या ओघात जीभ घसरून जवळचा शब्द घालण्याची सोयच राहत नाही. वापराची वाट आणि पडताळ्याची वाट इतकी स्वच्छ वेगळी केलेली व्यवस्था जगात क्वचितच असेल. पण याच व्यवस्थेने स्त्रियांना आणि बहुसंख्य समाजाला उंबऱ्याबाहेर ठेवलं. प्रत शुद्ध राहिली आणि ती ज्यांच्या नावाने जपली असं सांगितलं जातं त्या माणसांपर्यंत ती पोचलीच नाही. दुसरं उदाहरण अधिक जवळचं आणि अधिक क्लेशकारक, कारण तिथे हेतू उलटा होता. महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी लोकांच्या मराठीत सांगितलं. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून आठवणी जमवल्या आणि ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं, मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ. त्याची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत गेली आणि जाणत्यांच्या आठवणीवरून ग्रंथ पुन्हा बांधावा लागला, म्हणूनच त्याचे पाठ अनेक. त्या धक्क्यानंतर आणि पुढच्या छळाच्या काळात महानुभावांनी पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत घातल्या. पोथ्या वाचल्या. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी त्या लिपीची उकल प्रसिद्ध करीपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला आपल्या भाषेचं सगळ्यात जुनं गद्य ठाऊकच नव्हतं. सहाशे वर्षं! कुणी विचारेल की असली वेगळी वाट काय कामाची? त्यापेक्षा तुकोबांचा मार्ग बरा. वह्या नदीत गेल्या, पण अभंग लोकांच्या कंठात होते. गर्दीतच सुरक्षितता आहे, कुलपात नाही.

हा आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो अर्धा भाग मी पूर्ण मान्य करतो. पण यात दोन गोष्टी एकीत एक गुंतल्या आहेत: वाट वेगळी असणं आणि दार बंद असणं. वेदपाठाचं दार बंद झालं ते जटा-घन पद्धतीमुळे नव्हे. ती पद्धत कुणालाही शिकवता आली असती. कुणाला शिकवायची नाही हे दुसऱ्याच ठिकाणी ठरलं आणि वाटेच्या वेगळेपणाचा त्यासाठी बहाणा झाला. ही सबब आजही चालते. ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ एवढं म्हटलं की माहिती मागणाऱ्याला परत पाठवता येतं. महानुभावांच्या बाबतीत मात्र मान्य करायला हवं की बंद दार ही त्यांची लाचारी होती. तरीसुद्धा त्यांच्या गोष्टीतून वेगळेपण चुकीचं ठरत नाही. त्यातून दिसतं ते हे की गेलेल्या वाटेवरून परत येण्याची सोय आधीच बघून ठेवावी लागते. सर्व्हरची कामं करणारी माणसं याला ‘रिस्टोर करून पाहणं’ म्हणतात आणि जी प्रत एकदाही परत चढवून पाहिलेली नाही तिला ती प्रत मानायलाच तयार नसतात. मर्स्कच्या त्या वाचलेल्या सर्व्हरचं पुढे काय झालं ते बघा. घानातली तार इतकी अरुंद होती की माहिती तारेवरून पाठवायला कित्येक दिवस लागले असते. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे इंग्लंडचा व्हिसा नव्हता. शेवटी एकाने डिस्क घेऊन नायजेरियाचा विमानतळ गाठला, दुसऱ्याच्या हातात दिली आणि ती त्याने इंग्लंडला नेली. वेगळेपणाने प्रत वाचवली, पण कामाला आली ती पोचवणाऱ्या हातांमुळे.

तुकोबांच्या वह्यांची गोष्ट तर माझ्या बाजूची साक्ष आहे. ती श्रद्धेने ऐका किंवा शंकेने, तिचा गाभा असा की कागद ज्या नदीत गेला त्या नदीत कंठ नव्हते. कागद ही एक वाट, कंठ ही दुसरी. एका संकटाला दोन्हींवर एकदम घाला घालता आला नाही. सगळे अभंग फक्त वह्यांतच असते, मग त्या वह्यांच्या दहा नकला त्याच गाठोड्यात का असेनात, गाठोडं बुडाल्यावर काय राहिलं असतं? पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कंठाने वाचवलं आणि कंठानेच मिसळलंही. गाथेच्या आवृत्त्यांत अभंगांची संख्या जुळत नाही, कोणते तुकोबांचे आणि कोणते त्यांच्या नावावर चढलेले याचा वाद संपत नाही, आणि तो वाद जिथे थोडाफार सुटतो तिथे तो कुणीतरी बाजूला ठेवलेल्या जुन्या वहीमुळे सुटतो. गर्दी आणि वही एकमेकींच्या जागी चालत नाहीत, एकमेकींना तपासतात. हे तपासणं दोघींच्या वाटा स्वतंत्र असतील तोवरच शक्य आहे.

खर्चाचा आक्षेप साधा आहे. लहान पतसंस्थेला किंवा शाळेला दुसरा स्विच आणि दुसरी केबल परवडत नाही म्हणतात. एकाच तारेवर नियमांनी दोन आभासी भाग पाडतात आणि त्याला वेगळं नेटवर्क म्हणतात. काहीच नसण्यापेक्षा ते नक्की बरं. काउंटरवरची गर्दी तरी आटोक्यात येते. पण स्विच जळाला तर दोन्ही भाग एकदम जातात, आणि नियम लिहिणाऱ्याचा पासवर्ड गेला तर दोन्हींचं दार एकदम उघडतं. एका गोठ्यात चुन्याची रेघ मारून दोन गोठे केल्यासारखं आहे ते. परवडत नसेल तर महिन्यातून दोनदा डिस्क जोडावी, प्रत घ्यावी, डिस्क काढून दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात ठेवावी. यालाही स्वतंत्र वाटच म्हणतात, फक्त ती पायी जाण्याची आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागून ती वर चढली तेव्हा माणसंही गेली आणि फायलींचे गठ्ठेही. ज्या कागदाची दुसरी प्रत त्याच इमारतीत होती, तिला दुसरी प्रत म्हणणं कठीण आहे.

अद्वैती मित्र मात्र खर्चापेक्षा खोल जागी बोट ठेवतो. तो म्हणतो, साक्षी आणि कर्ता, पाहणारा आणि पाहिलं जाणारं ही जोडीच अखेर खोटी आहे. ज्ञानेश्वरांनी ‘अनुभवामृता’त पाहणं आणि दिसणं या दोन्हींच्या मागे जाऊन दुजेपणाच विरघळवला. मग वेगळ्या वाटेचं तत्त्वज्ञान कसलं करता? उत्तर असं की अद्वैतानेही साक्षीला शेवटचं स्थान दिलेलं नाही. साक्षी व्यवहारात लागतो, जोवर कुठेतरी चूक होऊ शकते तोवर लागतो. चुकीला जागाच नसलेल्या स्थितीत साक्षीची गरज नाही, तसा सर्व्हर कधीच बिघडणार नसेल तर बॅकअपची गरज नाही. आणि जेव्हा प्रत परत चढवली जाते त्या क्षणी प्रत कोणती आणि मूळ कोणतं हा भेद उरत नाही. शेतकऱ्याच्या हातात पडणारा उतारा एकच असतो. वेगळेपण त्या एकपणासाठीच सांभाळलेलं होतं. ते आधीच मोडून टाकलं तर एक होण्यासारखं काही उरतच नाही.

एक प्रश्न मात्र तर्काने पूर्ण सुटत नाही. साक्षीची साक्ष कोण देणार? प्रत बरोबर आहे हे कशावरून? तिची दुसरी प्रत ठेवा, तिची तिसरी. न्यायशास्त्राने या प्रकाराला अनवस्था हा दोष मानलं आहे, जिथे पायरीखाली पायरी लागत जाते आणि जमीन येत नाही. वेदान्ताने तो दोष साक्षीला स्वयंप्रकाशी ठरवून थांबवला. दिव्याला दाखवायला दुसरा दिवा लागत नाही. यंत्राच्या जगात असा दिवा नाही. तिथे तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत दूरच्या जागी, असा कामचलाऊ नियम करून लोक थांबतात. नैयायिक तर स्मृतीला प्रमाणच मानत नाहीत, कारण ती स्वतंत्र नसते, आधीच्या अनुभवावर अवलंबून असते. प्रतीबद्दल याहून नेमकं कुणी बोललेलं नाही. प्रत ही स्मृती आहे, मुळात चूक असेल तर ती चूकच इमानाने जपते.

२०१७ साली हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवून झाल्यावर राज्यभर चावडी वाचन घेतलं गेलं तेव्हा याच अडचणीला वाट काढली होती. संगणकातला उतारा कागदावर काढायचा आणि गावात मोठ्याने वाचायचा. संगणकाची प्रत दप्तराशी ताडली तर दोन्ही एकाच तलाठ्याच्या हातातून गेलेल्या; चूक दोन्हींकडे सारखी असण्याची शक्यता. चावडीवर बसलेल्या माणसाला मात्र आपलं वावर दप्तरातून कळलेलं नसतं. बांध कुठून जातो, विहिरीत कुणाचा किती हिस्सा, बहिणीचं नाव कधी लागलं, हे त्याला स्वतःच्या पायांनी आणि घरातल्या भांडणांनी माहीत असतं. ती तिसरीच वाट. गट नंबर वाचला जातो, क्षेत्र वाचलं जातं, मग नावं. मधेच मागून कुणीतरी हात वर करून म्हणतं, ‘भाऊसाहेब, थांबा. आमच्या थोरल्या काकाचं नाव गेलं कुठं?’ आणि तलाठी कागद खाली ठेवून, जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खालच्या दुरुस्तीसाठी तो गट नंबर लिहून घेतो.